जनरेटरवर फर्नेस पेटते आणि पाच सेकंदात विझते

गारठलेला_गडी
मंडळी डोकं चालेना. रात्री लाइट गेली ती आलीच नाही, म्हणून पोर्टेबल जनरेटर काढला. फ्रिज चालला, दिवे लागले, म्हटलं आता घर गरम करणारी फर्नेस पण चालवू. गॅसची आहे, १२० व्होल्टची. भिंतीतली वायर सोडवून तिला पिन लावली नि एक्स्टेन्शनने जनरेटरला जोडली. आधी छोटा पंखा फिरतो, इग्नायटर लाल होतो, ज्योत पण धरते आणि चार-पाच सेकंदात सगळं बंद. तीनदा असं करून लॉक होऊन बसते. लाइट असताना एकदम ठणठणीत होती. आणि मेव्हणा म्हणतोय की ही कटकट सोड, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्येच खुपस, अख्खं घर चालेल. करू का?

तारजोड्या
मेव्हण्याचं आधी. अजिबात नाही!! मेन बंद करायचा राहिला की करंट उलटा बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरकडे जातो आणि तिथे वाढून हजारो व्होल्ट होतो, लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला माणूस जागच्या जागी जाईल. आणि एक टोक निसटलं तर उघड्या पिना तुमच्याच हातात.

आता फर्नेस. ज्योत खरंच पेटली का हे फर्नेसचा कंट्रोल बोर्ड एका दांडीवरून ओळखतो, म्हणजे फ्लेम सेन्सर. दांडीवर एसी दिलेला असतो, ज्योत करंट जवळजवळ एकाच दिशेने जाऊ देते, त्यामुळे काही मायक्रोअँपचा डीसी बॉडीतून अर्थला जातो आणि तो बोर्डला दिसतो. पण त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी जोडलेले लागतात. घरात ते मेन पॅनलमध्ये जोडलेले असतात, तुम्ही फर्नेस तिथून तोडलीत आणि बऱ्याच पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल लटकता, म्हणजे अर्थला न जोडलेला असतो. मग ज्योत आहे पण बोर्डला दिसत नाही, तो बिचारा गॅस बंद करतो. बरोबरच करतो म्हणा. न्यूट्रल-अर्थ जोडलेला बाँडिंग प्लग मिळतो, तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावा. त्याआधी पिन लावताना फेज-न्यूट्रल उलटे तर झाले नाहीत ना बघा, त्यानेही हेच होतं.

फिरकी_पाना
+१, पण पुढे ट्रान्सफर स्विच (घराचं सर्किट लाइनवरून जनरेटरवर नेणारा) बसवलात आणि त्यात घरचा न्यूट्रल तोडला जात नसेल तर तो प्लग काढून ठेवायचा. दोन ठिकाणी जोड झाला की न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरमधून पण फिरतो नि जनरेटरचा जीएफसीआय (करंटची गळती दिसली की सप्लाय तोडणारा स्विच) उडतो, मग माणूस दिवसभर फॉल्ट शोधत बसतो (मी बसलोय).
जनरेटर केवढा आहे? फर्नेसच्या पाटीवर अँपिअर लिहिलेत, गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट. ब्लोअर (घरात गरम हवा ढकलणारा पंखा) सुरू होताना चालू लोडच्या दोन-तीन पट खेचतो. जनरेटर इन्व्हर्टरवाला असेल तर वेव्ह स्वच्छ, बोर्डला बरं, फक्त इको मोड (लोड कमी असला की इंजिन हळू करणारा) बंद ठेवा.

गारठलेला_गडी
२००० वॅटचा इन्व्हर्टर आहे. गॅरेजमध्ये ठेवलाय, शटर अर्धं उघडं ठेवून.

आजीचा_नातू
अर्धं काय, पूर्ण उघडं असलं तरी नको रे बाबा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत पण नाही. बाहेर, घरापासून निदान २० फूट, धुराचं तोंड घराकडून उलट. आणि कोणी बोलत नाही ते बघ, फर्नेसचा हवा ओढणारा पाइप भिंतीतून बाहेर आला असेल तर त्याच्यासमोर पण ठेवू नकोस. घरात बॅटरीवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म आहे का? पेट्रोल भरताना इंजिन बंद, गार झाल्यावरच भर.

गारठलेला_गडी
जनरेटर बाहेर काढला, लांब जाड एक्स्टेन्शन टाकली, अलार्म दोन लावले. बाँडिंग प्लग लावल्यावर पहिल्याच झटक्यात ज्योत टिकली, आता तासभर चालू आहे. ही भिंतीतली वायर सोडवायची भानगड नको म्हणून फर्नेसपुरता एका सर्किटचा ट्रान्सफर स्विच बसवायला इलेक्ट्रिशियनला बोलावलंय. मेव्हण्याची वायर मधोमध कापली, तो रुसलाय, पण बसलाय मात्र गरम हवेच्या जाळीसमोरच.