चिपळूणमध्ये घर: गाव नव्हे, जागा तपासा

निवृत्तीनंतर चिपळूणला राहावं की पूर-दरडींच्या भीतीने पुण्यातच थांबावं, हा प्रश्न अनेकांना पडतो. पुराच्या भीतीने 'कोकण नकोच' म्हणणाऱ्यांचं मत मला पटत नाही. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही पुरांत वाशिष्ठी नदीकाठची बाजारपेठ बुडाली, पण त्याच शहरातल्या उंचावरच्या वस्त्यांत पाणी शिरलं नाही. म्हणून प्लॉट पूररेषेच्या नकाशावर नेमका कुठे येतो ते आधी बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं राहिलात तर त्या काळात एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. निळ्या रेषेवर तर ७० टक्के! हे आकडे एजंट सांगत नाही.

उंच जागा घेताना डोंगराचा पायथाही टाळा. २०२१ मध्ये दरडीखाली गाडलं गेलेलं महाडजवळचं तळिये गाव विसरू नका. पुण्यातही नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरतंच.

बाकी मोकळी हवा, अंगण, ताजे मासे हवे असतील तर जरूर जा. फक्त उतारवयात भर पावसात रात्री दवाखाना गाठता येईल का, तो रस्ता पाण्याखाली जातो का, हे शेजाऱ्यांना विचारा. जागा बघायला जुलैतच जा.