पाखरं चंदनाचं बी नेमकं कुठं टाकतात ते पण बघा
चंदन कसं पसरतं यावर "पक्षी बी लांब नेतात, पुढं रुजणं हे नशीब" असं कुणी म्हणतं, पहिलं पटतं पण दुसरं अर्धंच. आमच्या तासगावकडं बांधावर चंदन कुणी लावत नाही, आपोआप येतं आणि ते पण बोरी-बाभळीच्या बुडात, कारण बुलबुल नि कोकीळ चंदनाची काळी पिकली फळं खाऊन तिथंच बसतात, खाली दगडावरच्या जांभळ्या शिटेत वाटाण्याएवढ्या गोल बिया मी काडीनं उकरून बघितल्यात.

आणि चंदनाला तीच जागा लागते! ते अर्धं परजीवी, शेजारच्या झाडाच्या मुळांत आपली मुळं घुसवून पाणी नि क्षार घेतं. मागं बांध साफ करताना मी एक बोर मुळासकट काढली, तर तिच्या बुडातलं हातभर चंदनाचं रोप दोन-तीन महिन्यांत वाळून गेलं, फार वाईट वाटलं.