केक भाजायचा की बेक करायचा?

पाटावरवंटा

परवा घरी एका शब्दावरून जुंपली, म्हणून इथे विचारते. भाचीनं केकचं पीठ डब्यात ओतलं, डबा ओव्हनमध्ये सरकवला आणि दारात बसलेल्या माझ्या मावशीनं विचारलं, "किती वेळ भाजायचा गं हा?" भाचीला हसू फुटलं. "आजी, केक भाजत नाहीत, बेक करतात." मावशी ८१ वर्षांची आहे, पण जीभ अजून विळीसारखी. म्हणाली, "मग त्या पेटीत ठेवून काय पूजा करतेस त्याची?" भाचीला उत्तर सुचलं नाही. खरं तर मलाही सुचलं नाही.

त्यात मी सध्या एका परदेशी गृहसदराचा अनुवाद करतेय. पाककृती, विणकाम, घर सजवणं असं सगळं आहे त्यात. पहिल्याच लेखाचं नाव 'फॉल हॉलिडे बेकिंग'. मी खर्ड्यात लिहिलं, 'शरद ऋतूतील सुट्टीचे बेकिंग'. मग वाचून बघितलं तर तिन्ही शब्द परके वाटले. शरद म्हटलं की मला कोजागरीचं आटीव दूध दिसतं, सुट्टी म्हटलं की आमरस, आणि बेकिंग म्हटलं की बेकिंग पावडरचा चिकट झालेला डबा. मूळ बाईंच्या डोळ्यांपुढे मात्र अंगणभर पडलेली पानं आहेत, सणाची लगबग आहे आणि भट्टीची ऊब आहे. तुम्ही काय लिहाल?

बोरू

मावशींना माझा नमस्कार सांगा. त्या शंभर टक्के बरोबर आहेत.

भाजणे म्हणजे फक्त तव्यावर किंवा कढईत, हा आपला अलीकडचा समज. कुंभार मडकी भाजतो. वीटभट्टीत विटा भाजतात. चुनखडी भाजून चुना करतात. या तिन्ही ठिकाणी वस्तू बंद जागेत असते आणि आच चहूबाजूंनी लागते. ओव्हनमध्ये दुसरं काय होतं? दिवाळीत लावतो ती पणती घ्या. कच्ची असेल तर पाणी लागल्यावर लगदा होईल. भट्टीत भाजून निघते म्हणून टिकते. बेकरीवाल्याच्या भट्टीतल्या पावाला 'भाजलेला' म्हणायला लाज का वाटावी?

आणि व्युत्पत्तीही मावशींच्याच बाजूची आहे. संस्कृतात भाजण्याचा धातू भ्रज्ज्, आणि भाजायचं पात्र ते भ्राष्ट्र. भ्राष्ट्रावरूनच झिजत झिजत आपली भट्टी आली. म्हणजे 'भट्टीत भाजणे' हे एकाच घरातलं नातं आहे.

फुलवात

बोरू, व्युत्पत्ती पोटात घाला, मला स्वयंपाकघरातलं सांगा. मी रव्याच्या केकची एक कृती वाचून केक केला होता. कृतीत लिहिलं होतं, 'रवा भाजून घ्या' आणि चार ओळींनंतर 'चाळीस मिनिटे भाजा'. माझ्या जाऊबाईंनी रवा चाळीस मिनिटं भाजायला घेतला. बारा मिनिटांत खोलीभर धूर.

भाजणं म्हणजे मराठी कानाला कोरडं. शेंगदाणे भाजतात, पापड भाजतात, भरताचं वांगं भाजतात. केकचं पीठ ओलं असतं, ते आतून शिजतं, फुगतं, मग वरून रंग धरतं. शिवाय 'हात भाजला' हेही भाजणंच. 'भाजलेला केक' म्हटलं की मला तरी करपलेलाच दिसतो. बेक करणे रुळलंय, राहू दे की.

पाटावरवंटा

जाऊबाईंबद्दल सहानुभूती! पण विटा-मडक्यांचा दाखला मला हलवून गेला. वीटही ओल्या मातीचीच असते की.

खापर

खानदेशातून हजेरी. मांडे पालथ्या खापरावर भाजतात, आणि ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताबाईनं मांडे भाजले या कथेतही क्रियापद तेच. मनात मात्र ते भाजावे लागत नाहीत, थेट खाताच येतात. विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजतात. तिथे तर कणीक ओली, आच चहूबाजूंनी आणि पदार्थ पावाच्या जातीचा. फुलवात, याला तुम्ही काय म्हणाल?

फुलवात

रोडगा म्हणेन आणि वरण मागेन. 🙂 पण केकला बेकच.

कातण

मी कोकणातली, म्हणून धोंडसाबद्दल लिहिते. पावसाळा सरता सरता वेलावरची तवसं, म्हणजे काकड्या, जून होतात, हातभर लांब, पिवळी पडलेली. कोशिंबिरीला नकोशी. ती किसायची, पाणी पिळून बाजूला ठेवायचं. तांदळाचा रवा तुपावर परतायचा, त्यात कीस, गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर हळद आणि लागेल तसं ते पिळलेलं पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात ओतायचं, खाली मंद विस्तव आणि झाकणावर रसरशीत निखारे. आई निखारे चिमट्यानं कडेकडेनं मांडायची, मधे कमी, कारण मधला भाग आधी करपतो. अर्ध्या तासानं झाकण राखेसकट उचलायचं, राख एक कणही आत न पाडता. ते मला आजतागायत जमलेलं नाही. मग सुरी खुपसायची, कोरडी आली की उतरवायचं. भाची टूथपिक खुपसते ना, तेच.

आता मुद्द्याचं. वरखाली विस्तव ठेवून केलेला हा पदार्थ बेकिंगची व्याख्या सोळा आणे पाळतो. पण आमच्या घरात त्याला 'भाजणे' कधी ऐकलं नाही, वेगळं क्रियापदही नाही. 'धोंडस केलं', 'धोंडस ठेवलंय', बस. विस्तव वरून आहे की खालून, हे भाषेनं नोंदवलंच नाही.

पाटावरवंटा

कातण, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी काल संध्याकाळभर स्वयंपाकघरातली क्रियापदं गोळा करत बसले. लाडू वळतात. शेव पाडतात, चकल्याही पाडतात. पापड लाटतात, भाकरी थापतात, करंज्या भरतात, घावन घालतात, कुरडया घालतात. भात लावतात आणि चहा टाकतात. यातल्या एकाही शब्दात विस्तव नाही. चकली तळतात हे कुणाला माहीत नाही? तरी कुणी 'आज चकल्या तळायच्या आहेत' म्हणत नाही, 'चकल्या पाडायच्या आहेत' किंवा 'करायच्या आहेत' म्हणतात. तळायला बसते ती एक जण, सोऱ्या दाबून दाबून तळहात लाल करून घेते ती दुसरी, आणि शब्द त्या दुसरीचा लागतो.

म्हणजे आपल्याकडे पदार्थाचं क्रियापद बहुतेक वेळा हाताच्या हालचालीवरून ठरतं. इंग्रजीत ते आचेवरून ठरतं. मी इतके दिवस आचेचा शब्द शोधत होते, म्हणून अडले. भाचीसुद्धा फोनवर मैत्रिणीला काय सांगत होती? "थांब, केक लावलाय." बेक केलाय नाही, भाजलाय नाही. लावलाय! कुकर लावतात तसा. शब्द घरातच होता.

बोरू

'लावणे' मान्य. पण ते गप्पांत. कृतीत 'केक १८० अंशांवर लावा' लिहिलंत तर वाचक भिंतीवर लावेल.

जाता जाता बिस्किटाचं सांगतो, कारण ते मला फार आवडतं. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कॉक्टुस' म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. दोनदा आच दिलेलं म्हणून कोरडं, टिकाऊ, जहाजावर नेण्याजोगं. हा 'कॉक्टुस' आणि आपला 'पक्व' सख्खे चुलतभाऊ, दोघांचं मूळ एकच. कुंभाराच्या भट्टीला आवा म्हणतात, तो 'आपाक'वरून आला, म्हणजे तिथेही तोच पच् धातू. तेव्हा पक्वान्न, आवा आणि बिस्किट एका पंगतीला बसतात. पाव मात्र पोर्तुगीज. काजू आणि चावी यांच्या बरोबरीनं तोही आला आणि इतका मुरला की वड्याशेजारी त्याला कुणी परका म्हणत नाही. 'बेक'लाही कधीतरी तशी जागा मिळेल, त्याला हाकलून काढा असं माझं म्हणणं नाहीच.

पळसपान

बेकवर एवढं दळण झालं, 'शरद'चं काय? तो अनुवाद तर सपशेल चुकीचा आहे.

शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. आपल्याकडे तेव्हा आभाळ धुतलेलं, चांदणं स्वच्छ आणि दुपारी ऑक्टोबर हीट. झाडं हिरवीगार. पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. पळस, सावर, पांगारा आधी निष्पर्ण होतात आणि मग फुलतात. थंड देशांत दिवस लहान होऊन गारठा येतो म्हणून झाडं पानं टाकतात, आपल्याकडची झाडं कोरड्या महिन्यांत पाणी वाचवायला टाकतात. महिने जुळवले तर शरद बरोबर आणि चित्र जुळवलं तर शिशिर. तुम्हाला चित्र हवंय, तर सरळ 'पानगळ' लिहा. पानगळीला महिना नसतो.

पाटावरवंटा

पानगळ पक्कं. आता सुट्टी.

खापर

सुट्टीत 'सुटणं' आहे, शाळा सुटते तशी. हॉलिडे मुळात 'होली डे', पवित्र दिवस. म्हणजे आपला सण. सण हा शब्द संस्कृत 'क्षण'वरून आला, त्याचा एक अर्थ उत्सव असाच होता, प्राकृतात तो 'छण' झाला. 'सणासुदीचे दिवस' म्हटलं की लेखिकेला हवं ते सगळं येतं.

फुलवात

आणि सणाला सुट्टी म्हणणारा माणूस कधी अनारशाच्या पिठाशी झुंजलेला नसतो, एवढंच नोंदवते.

उलटसुलट

सदरात विणकामही आहे म्हणालात म्हणून डोकावले. आपल्याकडे 'विणणे' एकच, मागावर कापड विणा नाही तर दोन सुयांवर स्वेटर. जाळीही विणतात, बाजही विणतात. घोळ व्हायला नको म्हणून 'सुयांवरचं विणकाम' लिहा. टाके 'सुलट' आणि 'उलट', एका सुईचं काम ते क्रोशा.

पाटावरवंटा

उलटसुलट, तुमचं नाव आता कळलं! अजून एक अडलंय. एका लेखात जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून पांघरूण शिवलंय. मी 'ठिगळकाम' लिहिलंय.

उलटसुलट

छे. ठिगळ लावतात ते फाटक्यावर, भोक झाकायला. त्यात नाइलाज आहे. तुम्हाला हवी ती गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, वरून तुकड्यांची नक्षी आणि सगळ्यांतून आरपार धावदोरा. आमच्याकडे वाकळ म्हणतात. माझ्या आजीच्या वाकळेत कोपऱ्यावर एक जांभळा तुकडा आहे, तिच्या एका लुगड्याचा. तो हाताला बाकीच्यांपेक्षा मऊ लागतो, म्हणून नातवंडांत त्या कोपऱ्यावरून अजून भांडणं होतात. ठिगळावरून कोणी भांडत नाही.

पाटावरवंटा

सगळ्यांचे आभार. शीर्षक दिलं, 'पानगळीतले सणाचे पदार्थ'. 'फराळ' लिहायचा मोह झाला होता, पण फलाहारापासून निघून तळणाच्या डब्यापर्यंत पोचलेला तो शब्द मराठी वाचकाला थेट दिवाळीत नेऊन बसवतो, आणि लेखात भोपळ्याचा पाय आहे. (हा पाय चालायचा नव्हे, खायचा. तळटीप टाकली.) कृतींमध्ये केकला 'बेक करा' ठेवलंय, फुलवातच्या जाऊबाईंना स्मरून. पण पावाला आणि बिस्किटांना 'भट्टीत भाजा' लिहिलं. संपादकांनी अजून तरी लाल शाई मारलेली नाही.

एक शब्द मात्र मावशीनं दिला. कृतीत मैद्याच्या पोळीवर लोणी पसरायचं, घडी घालायची, लाटायची, पुन्हा घडी घालायची, असं होतं. मी त्याला 'थरीकरण' म्हटलं होतं, आता वाचून अंगावर काटा येतो. मावशीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, साटा लावतेय ती. चिरोट्यांना नाही का लावत?" तूप आणि तांदळाची पिठी फेसून लावतो तो साटा. पोळ्या एकावर एक, प्रत्येकीवर साटा, गुंडाळी करून काप, आणि तळताना पदर सुटतात. त्यांचं लोणी, आपलं तूप, त्यांची घडी, आपली गुंडाळी, बाकी युक्ती तीच. 'थरीकरण' खोडून 'लोण्याचा साटा' लिहिलं.

कातण

आणि पदर सुटले का?

पाटावरवंटा

काल भाचीनं करून बघितलं. लोणी वितळून बाहेर आलं, पदर एकही नाही, सगळ्याची मिळून एक जाड भाकरी. मावशी म्हणते साटा लावायच्या आधी पीठ आणि लोणी दोन्ही गार हवं होतं. भाची म्हणते ओव्हन कमी तापला होता. दोघी रविवारी पुन्हा बसणार आहेत.