बाबांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन: टीयूआरपी की होलेप? अनुभव सांगा

गोरेगावकर_७९:
नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे. चार वर्षं प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड या गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात रात्री एक वाजता लघवी तुंबली, पोट दगडासारखं घट्ट झालं. लघवीची नळी घातली तेव्हा साडेनऊशे मिली निघाली. आठवड्याने नळी काढून पाहिली, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. आता नळी आहेच. थैली लेंग्याच्या नाडीला अडकवून, वर सैल झब्बा घालून बाल्कनीत बसतात. खाली कट्ट्यावरून मित्र हाका मारतात, पण उतरत नाहीत. मला तेच बघवत नाही.

सोनोग्राफीत ग्रंथी ९२ ग्रॅम. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत. एक सर्जन म्हणतात टीयूआरपी (लघवीच्या मार्गातून ग्रंथी आतून खरवडणं) करू, वर्षानुवर्षं खात्रीची पद्धत आहे. दुसरे म्हणतात इतक्या मोठ्या ग्रंथीला होलेपच (लेझरने ग्रंथी सोडवून काढणं). मावसभाऊ म्हणतो यूरोलिफ्ट करा, एका दिवसात घरी. पश्चिम उपनगरांत किंवा दादर-परळकडे कोणी करून घेतलं असेल तर कृपया लिहा.

परळ_आजोबा:
माझं टीयूआरपी २०१७ साली केईएमला झालं. ग्रंथी ४५ ग्रॅमची होती. कमरेत भूल दिली, तासाभरात काम झालं. तीन दिवस नळीतून सलाइनची धार चालू होती, पाणी आधी लालभडक, मग गुलाबी, मग स्वच्छ. चौथ्या दिवशी नळी काढली. पहिल्यांदा धार लागली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. अजूनपर्यंत त्रास नाही. माझ्यासारख्या ग्रंथीला टीयूआरपी उत्तम, पण तुमच्या बाबांची माझ्या दुप्पट आहे, तेव्हा माझा अनुभव जसाच्या तसा लावू नका.

निवृत्त_सिस्टर:
तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टीयूआरपीत तारेच्या लूपने आतून थोडं थोडं खरवडून काढतात. ग्रंथी जेवढी मोठी, तेवढा वेळ जास्त, रक्तही जास्त. पूर्वी ग्लायसिनचं पाणी वापरायचे. ते शरीरात शोषलं गेलं की सोडियम घसरतो आणि पेशंट गोंधळायला लागतो. म्हणून वेळेवर कायम डोळा ठेवावा लागायचा. आता बायपोलर मशीनवर सलाइन चालतं, तो धोका बराच कमी झाला. तरीही साधारण ८० ग्रॅमच्या वर बरेच सर्जन टीयूआरपीला तयार होत नाहीत. पूर्वी अशांचं पोट उघडूनच करायचे.

होलेपमध्ये होल्मियम लेझरने आतला वाढलेला भाग सालीपासून सोडवतात, संत्र्याच्या फोडी सालातून सुटाव्यात तसा, आणि तो मूत्राशयात ढकलून मॉर्सेलेटरने बारीक करून ओढून घेतात. त्यामुळे ग्रंथी १५० ग्रॅमची असली तरी जमतं. रक्तस्राव कमी, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हे बरं पडतं. नळीही बहुधा एक-दोन दिवसांत निघते. मात्र हात बसलेला सर्जन हवा. मशीन सगळ्यांकडे येतंय, हात सगळ्यांकडे नाही. आतापर्यंत किती केली, हे सरळ विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही.

दोन्हींत निघालेला भाग पॅथॉलॉजीला जातो, हे महत्त्वाचं. ड्युटास्टेराइडवर सहा महिन्यांहून जास्त असल्यास पीएसएचा (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा) आकडा निम्मा दिसतो, तो दुप्पट करून वाचायचा असतो. नळी घातल्यावर तो उलट वाढतो, म्हणून हल्लीचा रिपोर्ट असेल तर तारीख डॉक्टरांना दाखवा.

क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं असेल, तर नेत्रतज्ज्ञांना टॅम्सुलोसिन घेतल्याचं आवर्जून सांगा, बाहुली नीट उघडत नाही.

मुलुंडची_वहिनी:
ह्यांचं होलेप झालं, ११० ग्रॅम. लघवी छान होते, पण एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती: पहिले सहा आठवडे खोकलं, उठलं की लघवी गळायची. पॅड बांधावे लागले आणि हे फार खचले होते. फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले, तिसऱ्या महिन्यात थांबलं. घरच्यांनी आधीच माहीत करून घ्या, म्हणजे त्यांना धीर देता येईल. दुसरं, टीयूआरपी असो की होलेप, संबंधांच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. बहुतेकांना होतं. लाजून विचारायचं टाळू नका.

बोरिवली_पश्चिम:
यूरोलिफ्टबद्दल: ते छोट्या बारीक क्लिपांनी ग्रंथी बाजूला ओढून धरतं, कापत नाही. त्याने वीर्याचा प्रश्न येत नाही, म्हणून तरुणांना चांगलं. पण ९२ ग्रॅमला आणि लघवी तुंबलेल्याला माझ्या मते नको. वाफेची रेझूम पद्धतही साधारण ३० ते ८० ग्रॅमसाठी, आणि फरक जाणवायला आठवडे लागतात.

माझी कळकळीची सूचना वेगळी आहे. वडिलांचं ऑपरेशन एका छोट्या नर्सिंग होममध्ये केलं. ऑपरेशन नीट झालं. रात्री दोन वाजता रक्ताची गाठ अडकून नळी बंद पडली. मोठ्या सिरिंजने धुऊन काढणारं कोणी नव्हतं. डॉक्टर येईपर्यंत दीड तास ते माझा हात धरून कळवळत होते. ठिकाण निवडताना "रात्री नळी अडकली तर कोण बघणार?" हे नक्की विचारा.

आणि मेडिक्लेम: आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २०१९च्या यादीत होल्मियम लेझरने प्रोस्टेटवरचा उपचार 'आधुनिक उपचार' म्हणून आहे. काही पॉलिसींत अशा उपचारांना रकमेची मर्यादा असते. टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणाऱ्या संस्थेला) लेखी विचारून घ्या.

गोरेगावकर_७९:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमची पोस्ट प्रिंट काढून नेली. होलेप सुचवणाऱ्या डॉक्टरांनी किती केली ते न चिडता सांगितलं, रात्री निवासी डॉक्टर असतात हेही सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवायला आणि अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायला लिहून दिलंय. पॉलिसीत मर्यादा निघाली, वरचे पैसे आम्ही भरू.

वहिनी, पॅडचं बाबांना मीच सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "थैलीपेक्षा बरं." सोमवारी अ‍ॅडमिट होतायत.