डिकन्सने नाताळची गोष्ट सहा आठवड्यांत कशी लिहिली?

प्रश्न: इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या नाताळच्या गोष्टीची प्रेरणा कुठली? आणि पुस्तक खपूनही पैसे का मिळाले नाहीत?

प्रतिसाद १: सप्टेंबर १८४३मध्ये त्याने लंडनमधली गरीब मुलांची फील्ड लेन शाळा पाहिली. आधी बालमजुरीवर पत्रक काढायचा विचार होता, पण गोष्ट जास्त खोल जाईल हे त्याला पटलं. ऑक्टोबरात सुरुवात, डिसेंबरच्या आरंभी शेवट. शिवाय त्याच्या 'मार्टिन चझलविट' कादंबरीचे मासिक हप्ते चालूच! सकाळी नऊ ते दोन लेखन, मग मैलोन्‌मैल चालणं. कथेची जुळणी बरीचशी चालतानाच व्हायची.

प्रतिसाद २: छपाईचा खर्च त्याचाच होता. सोनेरी कडा, हाताने रंगवलेली चार चित्रं, आणि किंमत फक्त पाच शिलिंग. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या हिरव्या कागदाचा रंग निघायला लागला म्हणून तो बदलून पिवळा घेतला, तोही खर्च. १९ डिसेंबरला आलेल्या ६००० प्रती नाताळापर्यंत संपल्या. अपेक्षा १००० पौंडांची, हाती आले २३०. माझ्या मते किंमत कमी ठेवली हे उत्तमच केलं.

प्रतिसाद ३: त्याचं स्वतःचं लाडकं पुस्तक मात्र 'डेव्हिड कॉपरफील्ड'. त्या पुस्तकाच्या १८६७च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने तसं स्पष्ट लिहिलंय.