मदत हवी आहे: बाबांच्या नसलेल्या पायाचं दुखणं आणि आरटीएमएस

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. बाबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. दुखणं मात्र गेलं नाही. रात्री अडीचला उठून बसतात, "बोटं पिळतंय कुणीतरी" म्हणतात, आणि पांघरुणाखाली हात जातो तो बोटं असायची तिथंच. प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधानं दिवसभर गुंगी असते. आरशात चांगला पाय बघत करायचे व्यायाम केले, त्यानं थोडेच दिवस बरं वाटलं.

आता एका डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवलंय. डोक्याला कॉइल लावून चुंबकाचे ठोके देतात, चिरफाड नाही. अशा दुखण्याला बहुधा १० हर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला दहा ठोके, मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागावर, दुखऱ्या अंगाच्या विरुद्ध बाजूला. पण बाबांसाठी त्यात काय बदल करणार, असं विचारलं तर "कोर्स सगळ्यांना सारखाच असतो" एवढंच उत्तर मिळालं.

मला हे खटकतं, कारण २०२३ साली 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आलेलं अमेरिकेतलं संशोधन. चार रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून कित्येक महिने नोंदी घेतल्या. तिघांचं दुखणं स्ट्रोकनंतरचं, चौथ्याचं बाबांसारखंच, कापलेल्या अवयवाचं. आत्ता किती दुखतंय हे ते स्वतः कळवत. मशीन लर्निंगनं ते आकडे मेंदूतल्या सिग्नलशी जुळवले, आणि पुढे नुसत्या सिग्नलवरून दुखण्याचा अंदाज बांधता आला. ती शस्त्रक्रिया बाबांसाठी नकोच. पण रुग्णाच्या आकड्याला तिथं केवढी किंमत आहे! आमचे बाबा दोन वर्षं कालनिर्णयच्या चौकोनात रोज ० ते १० मधला आकडा लिहिताहेत. ढगाळ दिवसांत ८-९ असतात. ती पानं मी दरवेळी पिशवीतून नेते, अजून एकाही डॉक्टरनं उलटून पाहिली नाहीत.

कुणाच्या घरी अशा दुखण्यासाठी आरटीएमएस झालंय का? किती सेशननंतर फरक कळला, आणि टिकला किती? बाबांच्या कमरेत छर्रे आहेत, म्हणून मेंदूतली नेमकी जागा दाखवणारा एमआरआय होत नाही. मग कॉइलची जागा आणि जोर, ठोक्यानं हाताचा अंगठा कधी हलतो एवढंच बघून ठरवतात का? ते पुरतं का? नोंदी बघून सेटिंग बदलणारं कुणी नागपुरात माहीत आहे का? ईसीएचएसमधून (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून) याचं रेफरल कुणाला मिळालंय का, तेही सांगा.

सोमवारपर्यंत डॉक्टरांना हो-नाही कळवायचं आहे.