'पर्यंत' : शेवटचा आकडा धरायचा की सोडायचा?

प्रश्न : प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीत लिहितोय. '१ पासून १० पर्यंत' असं लिहिलं की मुलं १० धरतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ओळीने आकडे देणारी रेंज असते. तिला १ आणि १० दिले तर ती ९ वरच थांबते. मग 'पर्यंत' इथे चुकीचा शब्द आहे का?

उत्तर : शब्द चुकीचा नाही, मोकळा आहे. परि + अंत, म्हणजे कड. कड आत घ्यायची की नाही, हे आपण प्रसंग पाहून ठरवतो. 'दहापर्यंत मोज' म्हटलं की दहा म्हणायचेच. 'ती येईपर्यंत थांब' म्हटलं की ती आल्याक्षणी थांबणं संपलं. यंत्राला प्रसंग दिसत नाही, भाषा घडवणाऱ्यांनी जे ठरवलं तेच ते पाळतं. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदी शोधायची भाषा, तिच्यातली 'अमुक ते तमुक' ही अट, म्हणजे बिट्वीन, दोन्ही टोकं धरते, तरी फसायला होतंच. रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल आणि तुम्ही नुसतं '१ ते ३१' मागितलंत, तर ३१ म्हणजे ३१ तारखेचे ००:०० वाजले तो क्षण. त्या दिवशी दुपारी केलेली नोंद गळते. माझ्या मासिक बेरजेतून अशाच नोंदी गळत होत्या आणि मी मात्र बेरीजच पुन्हापुन्हा तपासत बसलो होतो.

आणखी एक : क्रियापदाला लागलेला 'पर्यंत' मला जास्त अवघड वाटतो. 'पाणी उकळेपर्यंत ढवळ' आणि 'पाणी उकळत नाही तोपर्यंत ढवळ' यांत आपल्याला काहीच फरक वाटत नाही. दुसऱ्या वाक्यात 'नाही' हा शब्द आहे, पहिल्यात तो नाही, तरी ढवळणारा तेच करतो. कोडमध्ये तो 'नाही' गाळला की सगळं उलटं. अट खरी आहे तोवर तेच काम फेरीमागून फेरी करवतं ते व्हाइल. त्याला चालू ठेवण्याची अट लागते, थांबण्याची नव्हे. शिवाय आपण ढवळता ढवळता पाण्याकडे बघत असतो. व्हाइल प्रत्येक फेरीच्या आधी एकदाच बघतं, मध्येच उकळी फुटली तरी ती फेरी पुरी होते. आणि पाणी आधीच उकळलेलं असेल तर चमचा पाण्याला लागतच नाही.

व्हाइलसाठी 'जोवर… तोवर' वापरा. 'जोवर पाणी उकळलेलं नाही, तोवर ढवळ.' अट जशी लिहायची तशीच वाक्यात येते.

प्रश्नकर्ता : 'जोवर' घेतो. रेंजसाठी 'दहाच्या आत' चालेल?

उत्तर : नको. 'दहा दिवसांच्या आत' म्हटलं की दहावा दिवसही बरेच जण धरतात. सरळ '१ पासून, १० सोडून' लिहा. बिट्वीनसाठी 'दोन्ही धरून'.